लेन्स घेताना अॅपर्चरचा आकडा नेमका किती मनावर घ्यायचा?

कोवळं_ऊन

कॅमेरा एपीएस-सी सेन्सरचा (१.५ क्रॉप, म्हणजे फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरपेक्षा दीडपट लहान), २४ मेगापिक्सेल, डीएसएलआर. सोबत मिळालेली (किट) लेन्स १८-५५ मिमी एफ/३.५-५.६ आहे. एफचा आकडा म्हणजे अॅपर्चर, उजेड आत सोडणारं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं, एवढं कळतं. दिवसा बाहेर काही अडत नाही. अडतं ते दोन ठिकाणी: संध्याकाळी घरात, दिव्याच्या उजेडात मुलांचे फोटो, आणि सभागृहात नाचाचे कार्यक्रम, जिथे बसायची जागा स्टेजपासून ८-१० मीटरवर असते. फोटो एकतर हललेले येतात, नाहीतर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) चढून दाणेदार.

यादीत सध्या चार लेन्स आहेत: ३५ एफ/१.८, ५० एफ/१.८, ८५ एफ/१.८ आणि १७-५० एफ/२.८. जितका वाचतोय तितका गोंधळ वाढतोय, म्हणून थेट विचारतो.

१. किट लेन्सवर दोन आकडे का? झूम केल्यावर अॅपर्चर लहान होतं म्हणजे आत काय होतं?
२. एफ/२.८ ची झूम घेतली तर दोन्ही कामं होतील का, की एफ/१.८ लाच पर्याय नाही?
३. क्रॉप सेन्सरवर एफ/१.८ चं एफ/२.७ होतं असं काही जण म्हणतात. मग पैसे कशाचे मोजायचे?
४. एफ/१.४ आणि एफ/१.८ मध्ये खरंच फरक दिसतो का?

---

तिपाई

दुकानाकडे वळण्याआधी स्वतःचे बिघडलेले फोटो उघडा. प्रत्येक फाइलमध्ये शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं होतं), आयएसओ, अॅपर्चर आणि फोकल लेंग्थ (लेन्सचा मिमीतला आकडा) नोंदलेली असते. तुम्हाला किती उजेड कमी पडतोय ते तिथेच लिहिलेलं आहे. फक्त मोजायचं कसं ते माहीत हवं.

मोजायचं एकक म्हणजे स्टॉप. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. पूर्ण स्टॉपची माळ पाठ करून टाका: १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२. माळेत एक पाऊल डावीकडे गेलात की उजेड दुप्पट. आकडे दुपटीने वाढत नाहीत कारण उजेड ठरतो छिद्राच्या क्षेत्रफळावर आणि एफचा आकडा येतो व्यासावरून. क्षेत्रफळ निम्मं करायला व्यास १.४१ पटीनेच कमी करावा लागतो.

आता उदाहरण. समजा घरातला फोटो ३५ मिमीवर, एफ/४.५, १/२० सेकंद, आयएसओ ३२०० असा आहे. बसून खेळणाऱ्या मुलाला किमान १/१२५ हवा. १/२० वरून १/१२५ म्हणजे सव्वासहा पट, अडीच स्टॉपच्या थोडं वर. एफ/४.५ वरून एफ/१.८ वर गेलात तर (४.५ ÷ १.८) चा वर्ग, म्हणजे ६.२५ पट उजेड मिळतो. तंतोतंत भरपाई, आयएसओला हात न लावता. एफ/२.८ वर थांबलात तर २.६ पट मिळतो, शटर १/५० पर्यंतच जातं, आणि पोरगं हललं की फोटो गेलाच.

सभागृहातला फोटो घ्या. ५५ मिमी, एफ/५.६, १/३०, आयएसओ ६४००. नाच गोठवायला १/२५० धरू: १/६०, १/१२५, १/२५०, तीन स्टॉप. एफ/५.६ पासून तीन पावलं डावीकडे म्हणजे एफ/२. एफ/२.८ ची झूम इथे एका स्टॉपने कमी पडते. शिवाय ९ मीटरवरून ५० मिमीने उभ्या चौकटीत सव्वाचार मीटर उंची मावते. त्यात एकटी नर्तकी बाहुलीएवढी दिसणार. ८५ मिमीत अडीच मीटर मावते, म्हणजे डोक्यावरचे हात धरून पूर्ण आकृती.

म्हणून माझं सरळ मत: घरासाठी ३५ एफ/१.८, स्टेजसाठी ८५ एफ/१.८. १७-५० एफ/२.८ चांगली लेन्स असते, पण तुमच्या दोन्ही अडचणींवर ती अर्धंच उत्तर आहे. ३५ नंतर ५० ची गरज किती उरते तेही तपासा. घरातल्या खोलीत क्रॉप सेन्सरवर ५० मिमी फार आवळून येते, भिंतीला पाठ टेकते तरी चौकटीत दोन मुलं मावत नाहीत. पुढचे पंधरा दिवस किट लेन्स ३५ वर ठेवून बघा, मग ५० वर. कोणती अडचण होते ते पैसे न घालता कळेल.

दोन आकड्यांचं म्हणाल तर एफचा आकडा हे गुणोत्तर आहे: फोकल लेंग्थ भागिले समोरून बघताना दिसणाऱ्या छिद्राचा व्यास. तुमच्या १८-५५ मध्ये १८ ÷ ३.५ म्हणजे ५.१ मिमी, आणि ५५ ÷ ५.६ म्हणजे ९.८ मिमी. झूम केल्यावर छिद्र प्रत्यक्षात मोठंच दिसतं, पण फोकल लेंग्थ तिपटीने वाढताना ते दुपटीलाही पोचत नाही. म्हणून आकडा बिघडतो. ५५ लाही एफ/३.५ ठेवायचं तर जवळपास १६ मिमी छिद्र लागेल, मोठी काच लागेल, वजन वाढेल. स्थिर एफ/२.८ च्या झूम जड असतात त्या याच कारणाने. लेन्सच्या तोंडाची काच बघून मात्र अॅपर्चर ओळखायला जाऊ नका. वाइड लेन्सची पुढची काच कोपऱ्यातला प्रकाश गोळा करायला मोठी असते, आतलं छिद्र बारीक असू शकतं.

बदलत्या अॅपर्चरचा एक छुपा त्रास आहे. मॅन्युअल मोडमध्ये १८ मिमीवर एफ/३.५ ठेवून एक्स्पोजर बसवलंत आणि ५५ ला झूम केलंत, की फोटो स्टॉप-सव्वा स्टॉपने काळवंडतो. सुरुवातीलाच एफ/५.६ लावलं तर बदलत नाही.

---

करडी_पट्टी

वरचं गणित उजेडापुरतं बिनचूक आहे, पण स्टेजच्या हिशोबात एक पळवाट राहिली. सभागृहात मागचा पडदा काळा असतो. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळी चौकट करड्या रंगाची करायला बघतं, म्हणून शटर विनाकारण हळू करतं. तुमच्या त्याच फोटोत चेहरे पांढरेफटक पडलेत का ते बघा. पडले असतील तर तीन स्टॉपची तूट खरी नव्हतीच. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन −१ (मीटरच्या मापापेक्षा एक स्टॉप कमी उजेड) लावलं की १/३० चं १/६० फुकटात होतं आणि एफ/२.८ पुरेशी ठरू शकते. स्पॉट मीटर (एका ठिपक्यापुरताच उजेड मोजणारा) चेहऱ्यावर ठेवून मॅन्युअलमध्ये आकडे पक्के करणं आणखी बरं. स्टेजवरचे दिवे बदलतील तेव्हाच हात लावायचा.

दुसरं, एफ/१.८ ची किंमत फक्त पैशांत मोजून भागत नाही. उजेड येतो, तशी डेप्थ ऑफ फील्ड (फोकसच्या पुढे-मागे स्पष्ट दिसणारा पट्टा) जाते, आणि इथेच पहिली प्राइम (झूम न होणारी लेन्स) घेणारे निम्मे लोक लेन्सला नावं ठेवायला लागतात.

एपीएस-सीवर ३५ मिमी, एफ/१.८, दीड मीटर अंतर: स्पष्ट दिसणारा पट्टा साधारण १३ सेंमी. एफ/२.८ ला २० सेंमी, एफ/४ ला २९ सेंमी. दोन भावंडं मागेपुढे बसली असतील तर एफ/१.८ वर एकजण धूसर होणारच, आणि यात लेन्सचा दोष नाही.

८५ ने घरात चेहरा टिपाल तर प्रकरण आणखी नाजूक आहे. दोन मीटरवरून डोकं-खांदे चौकटीत येतात आणि एफ/१.८ चा पट्टा उरतो ४ सेंमीचा, म्हणजे फोकसच्या पुढे-मागे दोन-दोन. डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर सुमारे ६ सेंमी. चेहरा ४५ अंशांत वळला की एक डोळा दुसऱ्यापेक्षा चार सेंमीहून थोडा जास्त मागे जातो. जवळचा डोळा धारदार, दूरचा मऊ. दोन्ही हवे असतील तर एफ/४ लागतं. तिथे पट्टा ९ सेंमीच्या आसपास होतो आणि मागचा डोळा जेमतेम आत बसतो.

त्यात फोकसची सवय आडवी येते. मधल्या बिंदूने डोळ्यावर फोकस लॉक करायचा आणि मग चौकट हलवायची, ही पद्धत एफ/५.६ ला खपून जाते. ५० मिमीने सव्वा मीटरवरून कॅमेरा १० अंश वळवलात तर फोकसचं प्रतल डोळ्यामागे जवळपास दोन सेंमी सरकतं. एफ/१.८ ला तेवढीच मोकळीक असते, ती सगळी इथेच संपते आणि डोळ्याऐवजी कानाजवळचे केस धारदार येतात. डोळ्यापाशी असलेला बिंदूच निवडा. डीएसएलआरमध्ये कडेचे बिंदू कमी उजेडात चाचपडतात, तेव्हा थोडी जास्त जागा सोडून मधल्या बिंदूनेच टिपा आणि नंतर कापा. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी ऐपत आहे. धावत्या मुलांसाठी फोकस कंटिन्युअसवर हवा, सिंगलवर नाही.

आणि व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. डीएसएलआरचा ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर साधारण एफ/२.८ इतकीच डेप्थ दाखवतो. एफ/१.८ लावलेलं असतं, डोळ्याला मात्र सगळं नीट बसल्यासारखं वाटतं. फोटो काढून शंभर टक्के मोठा करून बघणं, नाहीतर लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर बघून टिपणं), एवढेच खात्रीचे मार्ग आहेत.

स्टेजवर ही धास्ती नाही. ८५ एफ/१.८, नऊ मीटर: पट्टा ८० सेंमी. तिथे बिनधास्त उघडं ठेवा.

क्रॉपचा प्रश्न: उजेडासाठी एफ/१.८ हे एफ/१.८ च. फुल फ्रेमवर जे शटर आणि आयएसओ लागेल तेच तुमच्याकडे लागेल. २.७ चा आकडा येतो तो डेप्थ आणि चौकट यांची तुलना करताना. तुमची ३५ एफ/१.८ जी चौकट आणि जेवढी धूसरता देते, ती फुल फ्रेमवर सुमारे ५२ मिमी एफ/२.७ ने मिळते. आयएसओ तोच ठेवला तर फुल फ्रेममध्ये दाणे कमी दिसतात हेही खरं, कारण एकूण सेन्सरवर उजेड जास्त पडतो. तुमच्याकडे एकच बॉडी आहे, तेव्हा हा गुणाकार बाजूला ठेवलात तरी काही बिघडत नाही. दोन वेगळ्या सेन्सरमध्ये निवड करणाऱ्याने तो करावा.

---

पाव_स्टॉप

चौथ्या प्रश्नापुरतं.

एफ/१.८ ते एफ/१.४ म्हणजे दोन तृतीयांश स्टॉप. १/१२५ चं १/२०० होतं. डेप्थ एक पंचमांशाने कमी होते. बास.

त्यासाठी काय वाढतं ते कॅननच्या ईएफ माऊंटमध्ये (लेन्स जोडायच्या खाचेचा एक प्रकार) स्वच्छ दिसतं: ५० एफ/१.८ एसटीएम १६० ग्रॅम, फिल्टर ४९ मिमी. ५० एफ/१.४ यूएसएम २९० ग्रॅम, ५८ मिमी. ५० एफ/१.२ एल सहाशे ग्रॅमच्या जवळ, ७२ मिमी. पहिल्यापासून शेवटच्यापर्यंत मिळालेला उजेड सव्वा स्टॉपसुद्धा नाही. झूममध्येही तेच: ईएफ ७०-२०० एफ/४ एल आयएस ७६० ग्रॅम, एफ/२.८ एल आयएस २ चं वजन १४९० ग्रॅम. एक स्टॉप, दुप्पट वजन.

आजकाल आयएसओ १६०० आणि २५०० मधला फरक दाखवायला दोन फोटो शेजारी ठेवावे लागतात. मी तरी एफ/१.४ केवळ उजेडासाठी सुचवणार नाही. ती घ्यायची तर तिची काच, बांधणी, बोके (धूसर भागाचं रूप) आवडलं म्हणून घ्या.

झूमच हवी आणि एफ/२.८ कमी पडतेय असं असेल तर सिग्माची १८-३५ एफ/१.८ आहे, २०१३ ची, खास क्रॉप सेन्सरसाठी. स्थिर एफ/१.८ ची अशी झूम त्याआधी कुणी आणली नव्हती. ८१० ग्रॅम, स्टॅबिलायझेशन नाही. घराच्या कामाला फक्कड, स्टेजला मात्र आखूड.

---

कोवळं_ऊन

सगळ्यांचे आभार. फोटो तपासले. स्टेजवरच्या बऱ्याच फोटोंत चेहरे खरंच फुटलेले (पांढरेफटक) आहेत, तेव्हा −१ चा उपाय आधी करून बघतो. घरातले फोटो तिपाई म्हणतात तसेच, अडीच स्टॉपच्या आसपास कमी.

आणखी दोन शंका. मागचं सगळं मखमली धूसर यायला एफ/१.८ च लागतं का? माझ्या ओळखीत ५५-२०० एफ/४-५.६ मिळण्यासारखी आहे, तिने होईल का? आणि एफ/१.८ पूर्ण उघडी ठेवली की लेन्स मऊ पडते म्हणतात. मग उघडी ठेवायचीच नसेल तर ती घ्यायची कशाला?

जाता जाता: १७-५० मध्ये स्टॅबिलायझेशन आहे. तो तीन-चार स्टॉप देतो म्हणतात. तो हिशोबात का धरला नाही?

---

तिपाई

स्टॅबिलायझेशनचं आधी, कारण ते लगेच संपतं. तो तुमचा हात स्थिर करतो, मुलाचा नाही. १/१५ ला मागचं कपाट कोरीव येईल आणि त्यापुढे मुलाच्या हाताचा फराटा. स्थिर वस्तू, इमारती, रात्रीचे रस्ते असतील तर अॅपर्चरपेक्षा स्टॅबिलायझेशन घ्या. माणसं असतील तर अॅपर्चर.

धूसरतेचं प्रकरण मात्र निवांत समजून घेण्यासारखं आहे. इथे एफच्या आकड्यापेक्षा छिद्राचा मिलिमीटरमधला व्यास जास्त बोलतो. व्यास काढा:

५० एफ/१.८: २७.८ मिमी
८५ एफ/१.८: ४७.२ मिमी
२०० एफ/५.६: ३५.७ मिमी

चेहरा चौकटीत तेवढाच मोठा ठेवलात (५० ने सुमारे १.२ मीटरवरून, ८५ ने २ मीटरवरून, २०० ने ४.७ मीटरवरून) तर डेप्थ तिन्ही फोकल लेंग्थला जवळपास सारखीच असते, ती फक्त एफच्या आकड्यावर ठरते. पण खूप दूरचा एखादा दिवा धूसर होऊन जो गोळा दिसतो, त्याचा आकार चेहऱ्याच्या मापात बरोबर या व्यासाएवढा असतो. म्हणजे २०० एफ/५.६ ने दूरचा दिवा साडेतीन सेंमीचा दिसेल आणि ५० एफ/१.८ ने पावणेतीनचा. साधी झूम इथे एफ/१.८ ला मागे टाकते!

आता त्याच चेहऱ्यामागे एका मीटरवर भिंत आणा. सूत्र असं: व्यास गुणिले मागचं अंतर, भागिले कॅमेऱ्यापासून त्या भिंतीपर्यंतचं एकूण अंतर. ५० साठी २७.८ × १ ÷ २.२, म्हणजे सुमारे १२.६ मिमी. ८५ साठी ४७.२ × १ ÷ ३, म्हणजे १५.७. २०० साठी ३५.७ × १ ÷ ५.७, म्हणजे ६.३. आता २०० ची धूसरता ५० च्या निम्मी. हिशोब पुढे नेलात तर पार्श्वभूमी चेहऱ्यामागे ११ मीटरच्याही पलीकडे असेल तेव्हाच २०० एफ/५.६ वरचढ ठरते. मैदानात ५५-२०० झकास चालेल. घरात पाच मीटर मागे सरकायला जागाच नसते आणि भिंत पाठीला चिकटलेली. तिथे तिचा उपयोग नाही. म्हणून "धूसर हवं" एवढं सांगून लेन्स ठरत नाही. पार्श्वभूमी किती लांब आहे ते आधी बघायचं. एवढंच करून पुष्कळांचे पैसे वाचतात: माणसाला भिंतीपासून दोन मीटर पुढे आणलं तरी आहे त्या लेन्सने काम होतं.

५५-२०० घेऊन स्टेजचं काम होईल असं मात्र धरू नका. एफ/५.६ म्हणजे उजेडात तुम्ही आज आहात तिथेच.

मऊपणाबद्दल करडी_पट्टी जास्त नेमकं सांगतील.

---

करडी_पट्टी

मऊपणा दोन-तीन वेगवेगळ्या गोष्टींचा असतो, सरसकट नाही.

पूर्ण उघड्या छिद्रातून काचेच्या कडेचा प्रकाशही आत येतो, आणि कडेचे किरण मधल्या किरणांच्या बिंदूवर नेमके जुळत नाहीत. परिणाम म्हणजे उजळ कडांभोवती दुधाळ झाक. धार असते, कॉन्ट्रास्ट कमी असतो. एक स्टॉप बंद केलात की कडेचे किरण अडतात आणि चित्र खाडकन सुधारतं. साध्या ५० एफ/१.८ मध्ये १.८ ते २.८ हा फरक डोळ्यांना कळतो, ४ ते ५.६ मधला क्वचितच.

दुसरं, पांढऱ्या शर्टाची कड किंवा चमकता धातू फोकसच्या पुढे असेल तर जांभळी आणि मागे असेल तर हिरवी झाक. कोपऱ्यातल्या रंगकडा सॉफ्टवेअर बेमालूम काढतं. ही मात्र नीट जात नाही, कारण ती खोलीप्रमाणे बदलते. तीही एफ/२.८-४ ला बहुतेक मावळते.

तिसरं, कोपरे काळे पडणं. सॉफ्टवेअरमधली लेन्सची प्रोफाइल (तयार दुरुस्ती) लावून उजळता येतात, पण कोपरा दोन स्टॉपने उचललात तर तिथे चौपट आयएसओचे दाणे दिसतात. चेहरा मध्यावर असेल तर काळे कोपरे राहू द्या, बरेच दिसतात.

मग उघडी ठेवायचीच नसेल तर घ्यायची कशाला? कारण एफ/१.८ ची लेन्स एफ/२.८ ला बंद केल्यावर सुधारलेली असते, आणि एफ/२.८ ची झूम एफ/२.८ ला तिच्या सगळ्यात दुबळ्या जागी असते. शिवाय डीएसएलआर फोकस घेताना लेन्स पूर्ण उघडी धरते आणि फोटोच्या क्षणीच पाकळ्या मिटते. एफ/४ लावलंत तरी व्ह्यूफाइंडर आणि फोकसला उघड्या छिद्राचा उजेड मिळतो. मंद उजेडात फोकस किट लेन्सपेक्षा लवकर बसतो.

दुसऱ्या टोकालाही मर्यादा आहे. छिद्र फार बारीक केलं की प्रकाश कडेवर पसरतो आणि एका बिंदूची चकती होते. हिरव्या प्रकाशात तिचा व्यास मायक्रॉनमध्ये एफच्या आकड्याच्या १.३४ पट: एफ/८ ला १०.७, एफ/१६ ला २१.५. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल सुमारे ३.९ मायक्रॉनचा आहे. एफ/८ पर्यंत निर्धास्त, एफ/११ चालून जातं, एफ/१६ नाइलाज असेल तर. लेन्सवर एफ/२२ छापलंय का याला निवडताना काडीचं महत्त्व देऊ नका.

आणि फोकसच पुढे-मागे बसत असेल तर तो मऊपणा नाही. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, त्यामुळे लेन्स आणि बॉडीची जोडी थोडी चुकू शकते. तपासणी अशी: ट्रायपॉड, ठळक छापील मजकूर कॅमेऱ्याला समांतर, शेजारी ४५ अंशांत तिरपी पट्टी, अंतर फोकल लेंग्थच्या सुमारे ५० पट (५० मिमीला अडीच मीटर), अॅपर्चर पूर्ण उघडं. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा आणि परत घ्यायचा. दहा फोटो. दहाही एकाच बाजूला चुकत असतील तर मेनूतल्या एएफ फाइन ट्यूनने भरून निघतं. कधी पुढे, कधी मागे पडत असतील तर फाइन ट्यून काही करू शकत नाही. उजेड वाढवून पुन्हा बघा, तरीही तसंच असेल तर लेन्स परत करा. दहा फोटोंसोबत लाइव्ह व्ह्यूमध्येही तोच फोटो काढून तुलना करा, तिथे मुख्य सेन्सरच फोकस घेतो.

---

छोटा_स्क्रू

८५ वापरलेली घेणार असाल तर अॅपर्चरच्या पाकळ्या तपासल्याशिवाय हलू नका. मोठ्या अॅपर्चरच्या लेन्समध्ये हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो, कारण मालक ती पूर्ण उघडीच वापरतो आणि पाकळ्या हलतच नाहीत.

बॉडीवर लावून मॅन्युअल मोड, आयएसओ पक्का, १/२५०, एफ/११. एकसारख्या उजेडातल्या भिंतीकडे रोखून बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून सलग) दहा फोटो. उजेड दिवसाचा हवा, ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली ही चाचणी फसवते. दहाही फोटो सारखे आणि नीट उजेडाचे आले तर पाकळ्या ठीक. मधलेच एक-दोन उजळ आले तर पाकळ्या वेळेत मिटत नाहीत, बहुतेक वेळा त्यांच्यावर तेल आलेलं असतं. सगळेच सारखे उजळ असतील तर लेन्स उघडी अडकली असेल, नाहीतर अॅपर्चर चालवणारी केबल किंवा मोटर गेली असेल. एफ/१.८ ला परत काढून बघा, तिथे सगळं ठीकच दिसेल. विकणारा तोच फोटो दाखवतो.

नंतर लेन्स काढून टॉर्चने बघा. निकॉनच्या जी प्रकारच्या लेन्सची मागची छोटी दांडी बोटाने सरकवली की पाकळ्या उघडतात. सोडल्यावर चटकन मिटल्या पाहिजेत, रेंगाळायला नकोत. कॅननच्या ईएफ लेन्स काढल्यावर उघड्याच राहतात, तिथे डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून समोरून बघावं लागतं. पाकळ्या मंद, कोरड्या काळ्या हव्यात. चकाकणारा ओला पट्टा म्हणजे तेल. आतले धुळीचे चार कण सोडून द्या, फोटोत दिसत नाहीत.

निकॉनची जुनी, अॅपर्चरची रिंग असलेली लेन्स हाती आली आणि स्क्रीनवर "एफईई" दिसलं तर घाबरू नका. रिंग सगळ्यात मोठ्या आकड्यावर फिरवून तिथलं कुलूप लावायचं राहिलंय, एवढंच.

पाकळ्यांची संख्या जाहिरातीत ठळक छापतात. पूर्ण उघड्या लेन्समध्ये त्या चित्रात येतच नाहीत, दिव्याचे गोळे गोलच असतात. एफ/२.८ किंवा ४ ला मिटल्यावर पाच सरळ पाकळ्यांचे पंचकोन दिसतात, सात किंवा नऊ वळणदार पाकळ्यांचे बऱ्यापैकी गोल राहतात. स्टेजच्या मागे दिव्यांच्या माळा असतील तर तेवढ्यापुरतं बघा.

---

कोवळं_ऊन

३५ एफ/१.८ नवी घेतो, ८५ वापरलेली शोधतो. पाकळ्यांची चाचणी लिहून ठेवली. १/२५० ला स्टेजवर काही फोटोंत आडवे पट्टे येतात, तो लेन्सचा दोष नाही ना?

---

पाव_स्टॉप

नाही, दिव्यांचा. विजेच्या ५० हर्ट्झवर दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात (६० हर्ट्झवर १२०), आणि शटर त्यापेक्षा वेगवान असलं की चौकटीच्या एका भागाला लुकलुकीतला अंधार मिळतो. फास्ट (मोठ्या अॅपर्चरची) लेन्स आल्यावर हा त्रास वाढतो, कारण तेव्हाच तुम्ही १/२५० च्या पुढे जायला लागता. बॉडीत फ्लिकर रिडक्शन असेल तर चालू करा. कॅमेरा उजेड शिखरावर असताना शटर सोडतो, बर्स्ट थोडा मंदावतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर लागलं असेल तर ते बंद करा, पट्टे तिथे सगळ्यात वाईट येतात. काहीच नसेल तर १/१०० वर या आणि नाचातला तो क्षण धरा जिथे हालचाल थांबून वळते. तिथे १/१०० पुरतो. रंगीत एलईडी फार जलद लुकलुकतात, त्यांचे बारीक पट्टे कधीकधी कशानेच जात नाहीत.